सध्या काय ऐकताय? गाणं एकमेकांना सुचवायला सुरुवात करणाऱ्यांसाठी

"सध्या काय ऐकताय?" असं कुणी विचारलं की निम्मे लोक "काही नाही हो, असंच, जुनी गाणी" म्हणून विषय संपवतात. उरलेल्यांतले काही असे असतात की सकाळी सकाळी व्हॉट्सॲपवर सात-आठ लिंका येऊन पडतात, खाली एक अक्षर लिहिलेलं नसतं, आणि संध्याकाळपासून विचारणा सुरू, ऐकलं का, ऐकलं का. दोन्ही प्रकारांत गाणं एका माणसाकडून दुसऱ्याकडं पोचतच नाही. मला हे फार लागतं, कारण सांगली-मिरजेत राहणाऱ्याला ऐकायला काय कमी आहे सांगा. मिरजेत दर्ग्याच्या आवारात ख्याल गायला जातो, सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी नाटक उभं केलं तेव्हापासून नाटकाचं आणि पुढं नाट्यपदांचं वेड आहे, गावोगावी भजनी मंडळं आहेत, हलगी-घुमक्याचा ताल आहे, जतच्या बाजूनं कानडी गाणी येतात आणि कॉलेजच्या पोरांच्या कानात रॅप नाहीतर कोरियन पॉप चालू असतं. पण हलगीवाल्याच्या घरी ख्याल पोचत नाही आणि ख्यालवाल्यानं रॅप कधी धड ऐकलेलं नसतं, शेजारी शेजारी राहूनसुद्धा.

म्हणून हे लिहितेय, ज्यांना आपलं ऐकणं दुसऱ्याला सांगायचंय आणि दुसऱ्याचं ऐकून बघायचंय पण सुरुवात कुठून करायची कळत नाही त्यांच्यासाठी. सूर-तालाचं शिक्षण लागत नाही. "हे मला आवडलं" एवढं ज्याला कळतं त्याला पुरतं.

पहिली पायरी : आपण काय ऐकतो ते आधी लिहून काढा

एक साधी वही घ्या, नाहीतर फोनमधलं नोट्स उघडा. दिवसभरात जे कानावर पडतं आणि जरा थांबायला लावतं ते त्यात टाका. गाणाऱ्याचं नाव, साथीला कोण होतं, कुठल्या प्रकारचं होतं, कुणाकडून किंवा कुठून आलं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नेमकं कुठं थांबावंसं वाटलं. "दुसऱ्या कडव्यानंतर बासरी येते तिथं" एवढं लिहिलं तरी बास. हे लिहिलं नाही तर आठ दिवसांनी फक्त "काहीतरी छान होतं राव" एवढंच डोक्यात उरतं आणि ते दुसऱ्याला देता येत नाही.

नाव माहीत नसेल तर शाझाम हे गाणं ओळखणारं ॲप चालू करून फोन स्पीकरकडं धरा, रेकॉर्ड केलेलं गाणं असेल तर बहुतेक वेळा सापडतं. देवळातल्या भजनाला किंवा लग्नातल्या बँडला त्याचा उपयोग नाही, तिथं सरळ जाऊन विचारायचं, लोक आनंदानं सांगतात. चाल डोक्यात आहे आणि शब्द आठवत नाहीत अशा वेळी गुगलच्या ॲपमध्ये माइक दाबून दहा-पंधरा सेकंद गुणगुणायचं, तेही बऱ्याचदा लागतं.

वहीत महिनाभर नोंदी झाल्या की तीन गोष्टी शोधा : नव्यानं लागलेलं एक गाणं, जुनं असून परत परत लावलं जाणारं एक, आणि ऐकलं पण अजून कळलं नाही असं एक. "सध्या काय ऐकताय" ह्याचं हे खरं उत्तर झालं. तिसरं तर आवर्जून सांगा, कारण त्यावरच समोरचा माणूस बोलायला लागतो. "मला हा जॅझ कळत नाहीये पण सोडवत पण नाहीये" असं म्हटलं की ज्याला कळतं तो खुर्ची पुढं ओढून बसतो.

दुसरी पायरी : आधी माणूस, मग गाणं

इथं सगळ्यात जास्त वेळ घालवा. आपल्याला काय आवडलं ते सगळ्यांना पाठवायचं, ही नवीन माणसाची पहिली सवय असते, आणि ती लवकर मोडली तर फार बरं. एक गाणं एका माणसासाठी काढायचं. तो माणूस दिवसभर काय करतो, कधी ऐकतो, कशावर ऐकतो, कशानं त्याचे डोळे चमकतात हे डोक्यात ठेवून.

उदाहरण देते. आमच्या शेजारच्या काकांनी आयुष्य कुपवाड एमआयडीसीत प्रेस मशीनवर काढलं, पत्र्याचं काम. त्यांना हेवी मेटल ऐका म्हटलं असतं तर त्यांनी हात जोडले असते. पण टोनी आयोमीची गोष्ट त्यांना सांगितली. इंग्लंडात बर्मिंगहॅमचा पोरगा, सतरा वर्षांचा, पत्र्याच्या कारखान्यात कामाला, मशीनमध्ये उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. आणि हा डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात नेमका तोच. प्लास्टिक वितळवून त्यानं बोटांना टोपणं केली, तारा हलक्या घेतल्या, पुढं तर सूर खाली उतरवून तारा सैल केल्या म्हणजे बोटांना कमी दुखेल, आणि त्यातून तो जड, खर्जातला आवाज आला. १९७० साली त्यांच्या ब्लॅक सॅबथ ह्या बँडचा पहिला अल्बम आला आणि पुढं मेटल म्हणून जे काही वाजायला लागलं त्याचं मूळ तिथं धरतात. काकांनी सगळं ऐकून घेतलं, स्वतःच्या हाताकडं बघितलं आणि म्हणाले, "लाव बघू, काय वाजवतोय ते." शेवटपर्यंत ऐकलं. आवडलं असं म्हणाले नाहीत, पण "ह्याच्यात मशीनचा ठोका आहे" म्हणाले, आणि मेटलबद्दल ह्यापेक्षा बरोबर बोललेलं मी तरी ऐकलेलं नाही.

तसंच तासगावकडं द्राक्षबाग असलेली माझी मैत्रीण. फवारणीच्या दिवसांत पहाटेपासून ट्रॅक्टरवर, कानात काहीतरी लागतंच तिला. तिला आफ्रिकेतल्या माली देशाच्या अली फार्का तुरेचं नाव सांगितलं. हा माणूस स्वतःला आधी शेतकरी म्हणवायचा, नायजर नदीच्या काठावर निआफुन्के गावात भात-भाजीपाला पिकवायचा, शेवटी शेवटी गावाचा महापौरसुद्धा झाला, २००६ ला गेला. अमेरिकेच्या राय कूडर ह्या गिटारवाल्याबरोबरचा त्याचा १९९४ चा अल्बम ग्रॅमीपर्यंत गेला तरी तो परत शेतावरच. गिटारवर तेच तेच फिरत राहणारं वाजवतो, मोटेवरच्या गाण्यासारखं संथ, आणि वरून आवाज. भाषा एक अक्षर कळत नाही आणि अडतही नाही. मैत्रिणीनं आता तो अख्ख्या बागेला ऐकवलाय.

म्हणजे माणसाच्या आयुष्यात जे आहे तिथून गाण्याकडं जायचं. त्याचं काम, नदी, गाव, भाषा, देव, काहीही चालतं.

तिसरी पायरी : मेसेज कसा लिहायचा

नुसती लिंक पाठवू नका. एक तर लिंक उघडेलच असं नाही, समोरच्याकडं ते ॲप नसतं, खातं नसतं, मध्येच जाहिरात लागते, कधी कधी तर ते गाणंच त्या ॲपवरून काढून टाकलेलं असतं. म्हणून नाव अक्षरात लिहा म्हणजे कुठंही शोधता येईल. मग किती मिनिटांचं आहे ते. मग कुठं कान द्यायचा ते. आणि हे त्यालाच का पाठवलं ते एका ओळीत. सासूबाईंना मी असं लिहिलं होतं :

"आई, अब्दुल करीम खाँसाहेब, झिंझोटी रागातली ठुमरी. जुन्या तबकडीची आहे म्हणून तीन-साडेतीन मिनिटांतच संपते, खरखर येईल ती थोडा वेळ चालवून घ्या. आवाज बारीक आहे, सुईसारखा, पहिल्यांदा वेगळा वाटेल. एकेक सूर लावून तिथं किती वेळ थांबतात ते बघा. दर्ग्यात ज्यांची पुण्यतिथी असते ते हेच. तुम्ही दर वर्षी उरुसाला जाता म्हणून पाठवलं."

बघा ह्यात काय काय आहे. किती वेळ द्यायचा ते आहे, खरखरीची आधीच कल्पना दिलीये नाहीतर तिथंच बंद केलं असतं, आवाज नेहमीसारखा नाही हे सांगितलंय, आणि ऐकायचं काय ते दाखवलंय. "अप्रतिम", "स्वर्गीय", "अंगावर काटा" हे शब्द त्यात नाहीत, कारण काटा त्यांचा त्यांना यायला पाहिजे, आपण आधीच सांगितलं की माणूस काटा येतोय का तेच बघत बसतो.

गाणं लांब असेल तर मिनिट लिहाच. अर्ध्या तासाचा ख्याल कुणाला पहिल्याच खेपेला पूर्ण पाठवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. "बावीस मिनिटांनंतर द्रुत म्हणजे जलद गाणं सुरू होतं, तिथून ऐक, आवडलं तर मागं जा" असं सांगायचं. यूट्यूब कॉम्प्युटरवर उघडलं असेल तर शेअर दाबल्यावर खाली 'स्टार्ट ॲट'ची चौकट येते, तिथं खूण केली की लिंक त्याच जागेवरून उघडते. शास्त्रीय संगीत नव्या माणसाला द्यायला जुन्या अठ्ठ्याहत्तर आरपीएमच्या तबकड्यांसारखं दुसरं साधन नाही, कारण एका बाजूवर साधारण तीन मिनिटंच मावायची, त्यामुळं मोठमोठ्या गवयांनी सगळा राग त्या तीन मिनिटांत आटवलाय. भीमसेन जोशींनी पोरवयात खाँसाहेबांची ह्याच झिंझोटीची तबकडी ऐकली आणि गाणं शिकायला घर सोडलं असं सांगतात. तीन मिनिटं कमी नसतात.

आणि एका वेळी एकच गाणं. दुसरं पाठवायचं ते पहिल्यावर उत्तर आल्यावरच, किंवा पंधरा-वीस दिवस गेल्यावर. ऐकलंस का म्हणून पाठीमागं लागायचं नाही, एकदाही नाही.

चौथी पायरी : एका प्रकारातून दुसऱ्यात कसं न्यायचं

हा माझ्या आवडीचा भाग, त्यामुळं जरा लांबेल.

लोकांना वाटतं प्रकार बदलला की सगळंच बदलतं. तसं नसतं, काहीतरी एक ओळखीचं सोबत नेता येतं आणि त्या एकाच्या आधारानं माणूस नवीन ठिकाणी टिकतो. ते एक काय आहे हे शोधणं म्हणजे सुचवणाऱ्याचं खरं काम.

कधी ते लय असते. ज्याला झपताल माहीत आहे, दहा मात्रा, दोन-तीन-दोन-तीन, त्याला डेव्ह ब्रूबेक क्वार्टेट ह्या अमेरिकन जॅझ चौकडीची १९५९ ची पाच मात्रांची प्रसिद्ध धून ऐकवा. तिथं तीन-दोन असं पडतं, म्हणजे वजन उलटं, पण भजनी मंडळात बसणारा पखवाजी दोन मिनिटांत मांडीवर बरोबर मोजायला लागतो आणि मग त्याला सॅक्सोफोन परका वाटत नाही. सात मात्रांचा रूपक ताल येणाऱ्याला सात मात्रांची, युरोपातल्या बाल्कनकडची गाणी अशीच देता येतात.

कधी काम करायची पद्धत सारखी असते. माझा भाचा दिवसभर रॅप ऐकतो. हिप-हॉपची सुरुवात सांगतात ती ११ ऑगस्ट १९७३ ची, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये कूल हर्कनं बहिणीच्या पार्टीत गाणी लावली तेव्हाची. त्यानं बघितलं होतं की गाण्यात जिथं बाकीची वाद्यं थांबून नुसते ड्रम वाजतात तिथंच पोरं नाचायला पुढं येतात, म्हणून तो त्याच तबकडीच्या दोन प्रती दोन प्लेअरवर ठेवून तेवढाच तुकडा फिरवत राहायचा. हे भाच्याला माहीत होतं. मग त्याला म्हटलं, आता मिरवणुकीत हलगीवाल्याकडं बघ, पोरं कुठं उसळतात, आणि ती जागा आली की तो ती सोडत नाही, घुमकं खाली धरून ठेवतं, कैताळ म्हणजे झांजा चालू राहतात, आणि हलगी तोच तुकडा फिरवते जोवर समोरचा नाचणारा दमत नाही. भाचा म्हणाला, "मावशी, हे तर लूप आहे गं." त्यानंतर तो गावच्या जत्रेत हलगीवाल्यांशेजारी जाऊन उभा राहिला, आता त्यांतल्या एकाबरोबर ट्रॅक करायचं त्याच्या मनात आहे.

त्यालाच पुढं पोवाडा दिला. शाहीर डफ घेऊन सांगतो, मागं झीलकरी "जी रं जी जी" करून ओळ उचलून धरतात, रॅपमध्ये मुख्य माणसाच्या मागं एक जण शब्द उचलत असतो तसंच. आणि विषय? वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे, जन्म १९२०, शाळेत जेमतेम गेलेले, पण त्यांनी महायुद्धातल्या स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचला. आपल्या जिल्ह्यातल्या माणसानं. रॅपवाल्या पोरांना हे माहीत नसतं ह्याचं वाईट वाटतं आणि सांगितल्यावर त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

कधी देव सारखा असतो. सासूबाई अभंगांच्या. भाषा बदलून बघू म्हणून त्यांना भीमसेनजींची कानडी दासवाणी, म्हणजे तिकडच्या हरिदास संतांची पदं, दिली. पुरंदरदासांच्या पदांच्या शेवटी 'पुरंदर विठ्ठल' ही मुद्रा येते, आणि तो विठ्ठल शब्द आला की आई मान डोलवायला लागतात. आवाजही ओळखीचा, देवही ओळखीचा, नवीन फक्त भाषा. तिथून पुढं कर्नाटक संगीतातल्या गायिकांकडं जाता आलं. अशी एकेक गोष्ट बदलायची. सगळं एकदम बदललं, भाषा नवी, वाद्यं नवी, लय नवी, आवाज नवा, की माणूस घाबरून जुन्या प्लेलिस्टमध्ये परत जातो.

आणि कधी वाद्यच हात धरतं. अमेरिकेच्या ॲलिस कोल्ट्रेन हार्प हे उभं तंतुवाद्य वाजवायच्या, १९७१ साली आलेल्या त्यांच्या एका अल्बममध्ये हार्प आणि सॅक्सोफोनच्या मागं तंबोरा सतत वाजतो. मिरजेत वाढलेल्या माणसाला जॅझमध्ये शिरायला ह्यापेक्षा सोपा दरवाजा मला माहीत नाही. त्यांचे यजमान जॉन कोल्ट्रेन ह्यांनी मुलाचं नाव रविशंकरांवरून रवी ठेवलं, तो रवी आज स्वतः सॅक्सोफोन वाजवतो, हे सांगितलं की ऐकणाऱ्याचं कुतूहल आणखी वाढतं.

एक गोष्ट मात्र कडक पाळा. सुचवताना चढउतार लावू नका. "जरा चांगलं ऐकत जा", "हे हलकंफुलकं आहे पण", "आता खरं संगीत ऐक" असली वाक्यं बोलायची नाहीत. आपल्याकडं हलगीला, लावणीला, भीमगीतांना खाली बसवायची सवय फार जुनी आहे आणि ती संगीतातून आलेली नाही, जातीतून आलीये. हलगी शेकायला किती वेळ लागतो, ताण कमी-जास्त झाला की नाद कसा बदलतो, आणि वाजवणारे बोटं आणि काडी मिळून किती आवाज काढतात हे शेजारी उभं राहून बघा, मग बोला. आणि उलटंसुद्धा, ख्याल म्हणजे श्रीमंतांचं झोप आणणारं काहीतरी, असं म्हणणाऱ्या पोरांनाही मी हेच सांगते.

पाचवी पायरी : कशावर ऐकायचं ते पण सांगा

चांगलं गाणं फोनच्या स्पीकरवर ऐकून "काही विशेष नाही" म्हणणारे खूप भेटतात. त्या छोट्या स्पीकरमधून खालचे सूर येतच नाहीत. तबल्यातला डग्गा जातो, घुमकं जातं, बास गिटार जाते, तंबोऱ्याचा खर्ज जातो. म्हणून मेसेजमध्ये "इअरफोन लावून ऐक" हे तीन शब्द जास्तीचे टाकायचे. महागडे लागत नाहीत, साधे वायरचे इअरफोनसुद्धा फोनच्या स्पीकरपेक्षा किती तरी बरे.

काय हरवतं हे समजून घ्यायचं असेल तर एकदा मिरजेत सतारमेकरांच्या गल्लीत जाऊन जवारी लावताना, म्हणजे तारेचा नाद उघडताना, बघा, बसू देतात, फक्त मध्ये बोलायचं नाही. तंबोऱ्याची घोडी, म्हणजे तारा टेकतात तो भाग, रुंद असते, तार तिच्या माथ्यावरून किंचित घासून जाते. कारागीर कानशीनं घोडी इतकी थोडी घासतो की डोळ्यांना फरक दिसत नाही, मग तार परत चढवतो, छेडतो, मान वाकडी करून ऐकतो, परत उतरवतो. मग तार आणि घोडीच्या मध्ये सुताचा एक धागा सरकवतो. तो धागा केसभर पुढं-मागं करताना आधी तार नुसती 'टण्' करते, बंद, कोरडी, आणि मग एका ठिकाणी अचानक उघडते, त्या एका तारेतून वरचे सूर एकावर एक निघायला लागतात, आणि खोलीच भरते. गेली दीडशेपेक्षा जास्त वर्षं मिरजेत हे चाललंय, शिकलगार घराण्यांनी हत्यारांचं काम सोडून वाद्यं करायला घेतली तेव्हापासून, भोपळे अजून पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन पण मिळालं. तो उघडलेला नाद एकदा कानात बसला की रेकॉर्डिंगमध्ये तो आहे का नाही हे कळायला लागतं, आणि फोनच्या स्पीकरवर तो नाही हेही.

डेटाची काळजी असणाऱ्यांसाठी एवढंच, ३२० केबीपीएस ह्या वरच्या दर्जावर ऐकलं तर तासाला १४४ एमबीच्या आसपास जातात, ९६ ह्या खालच्या दर्जावर त्रेचाळीस. व्हिडिओ बघायचा नसेल तर ऑडिओचं ॲप वापरा, आणि वायफायवर आधी डाउनलोड करून ठेवा. आवाज मात्र बेतानं ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे की ८० डेसिबलला आठवड्यातून ४० तासांपर्यंत ठीक, त्याच्यावर आवाज गेला की वेळ झपाट्यानं कमी होतो. कान एकदा गेले की परत येत नाहीत, आणि आपल्याला तर अजून भरपूर ऐकायचंय.

दुसऱ्याचं गाणं ऐकायला लागलात की यूट्यूब तसलंच दाखवत सुटतं आणि आपलं नेहमीचं गायब होतं, म्हणून बरेच जण नवीन ऐकायलाच कचरतात. सेटिंगमध्ये वॉच हिस्टरी पॉज करता येते, ऐकून झालं की परत चालू करायची. एवढं सोपं आहे.

सहावी पायरी : आलेलं गाणं ऐकायचं कसं

देणं शिकताना घेणंही शिकावं लागतं. कुणी गाणं पाठवलं तर दोनदा ऐका, दोन वेगळ्या वेळी. एकदा काम करताना चालेल, एकदा मात्र काही न करता, भांडी न घासता, फोनवर बोट न फिरवता. आणि उत्तरात अंगठा पाठवू नका. "मस्त" पण नको. एक नेमकी गोष्ट लिहा. "शेवटी सगळं थांबतं आणि एकटी पेटी राहते ते आवडलं", किंवा "आवाज ओरडल्यासारखा वाटला, मला सहन झाला नाही, पण मागचे ड्रम परत ऐकले." नाही आवडलं हे सांगायला अजिबात हरकत नाही, उलट सांगाच, फक्त काय नाही आवडलं ते सांगा म्हणजे पुढच्या वेळी तो माणूस तुमच्यासाठी जास्त बरोबर काढेल. पाच-सहा वेळा अशी देवघेव झाली की दोघांना एकमेकांचे कान कळायला लागतात.

जवळच्या तीन-चार माणसांत एक सामाईक प्लेलिस्ट करता येते, स्पॉटिफायवर सगळ्यांना गाणी टाकता येतील अशी सोय आहे. नियम एकच ठेवा, आठवड्याला माणशी एक गाणं. नाहीतर एक उत्साही माणूस चाळीस टाकतो आणि बाकीचे उघडायचंच सोडून देतात.

इथं अजून एक गोष्ट मनापासून सांगायचीये. आपल्या भागातल्या भजनी मंडळांच्या, हलगीवाल्यांच्या, धनगरांच्या गजीनृत्याच्या, बँडवाल्यांच्या क्लिप फिरत असतात, लाखो वेळा बघितल्या जातात आणि त्यांवर कुणाचंही नाव नसतं. पुढं पाठवण्याआधी नाव शोधा. गाव शोधा. सापडलं की वर लिहा, वाजवणाऱ्यांचं सुद्धा. त्यांचं स्वतःचं चॅनल असेल तर क्लिपऐवजी तिथली लिंक द्या म्हणजे दोन पैसे त्यांना मिळतील. सापडलंच नाही तर "कुणाला माहीत असेल तर सांगा" असं लिहून पाठवा, आठ दिवसांत कुणी ना कुणी सांगतंच, "अहो हा आमच्या गावचा". त्यांना पुढच्या सुपारीचा फोन त्या नावावरून येतो.

सातवी : घेऊन जा

लिंकनं जे होत नाही ते शेजारी बसून होतं. मिरजेत दर्ग्याच्या उरुसात खाँसाहेबांच्या स्मरणार्थ चिंचेच्या झाडाखाली गाणं होतं. अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले, मद्रासहून पाँडिचेरीकडं प्रवासात असताना रेल्वे स्टेशनवर, आणि त्यांना इथं दर्ग्याच्या आवारात आणून दफन केलं. त्यांची मुलगी हिराबाई बडोदेकर, जन्म मिरजेचाच, १९०५ चा. मोठमोठे गवई तिथं हजेरी म्हणून गातात. आणि नवरात्रात अंबाबाईच्या देवळात संगीत महोत्सव असतो. ज्या माणसाला तुम्ही वर्षभर लिंका पाठवताय त्याला एकदा तिथं बरोबर न्या.

नेताना थोडी तयारी करा. पहिल्यांदा येणाऱ्याला सगळी रात्र बसवू नका, दोन गाणी झाली की उठायची मुभा आधीच देऊन ठेवा म्हणजे तो अडकल्यासारखा बसत नाही. कडेला बसा, मधून उठून जाता आलं पाहिजे. फोन सायलेंटवर, आणि व्हिडिओ काढायचा तर आधी विचारून. गाणं चालू असताना समजावून सांगू नका, फार तर सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, आली की मांडीवर हलकासा हात. बाकी बोलणं नंतर, चहाच्या गाड्यावर. "राग कुठला होता" हे विचारायच्या आधी "तुला कुठं बरं वाटलं" ते विचारा आणि तो जे सांगेल ते तिथल्या तिथं वहीत लिहा, त्याच्या नावासकट.

उरुसाची तारीख दर वर्षी मागं-पुढं होते, तेव्हा दर्ग्यात आधी चौकशी करून निघा. सांगलीहून येणार असाल तर रात्री परतीच्या गाडीची सोय बघून ठेवा, आणि बसायला घरून एक सतरंजी आणा.